काकूंना विचारा : कालनिर्णयवरचे गोल

गेल्या अंकात ओघात एक वाक्य लिहून गेले, की आमच्या कॅनडातल्या एडमंटनच्या घरी फ्रिजवर कालनिर्णय टांगलेलं असतं आणि त्याच्या चौकोनांत मी बर्फावरच्या हॉकीचे निकाल लिहिते. सांगलीला होते तोवर त्या चौकोनांत दुधाचा हिशोब असायचा. इथे दूध चार लिटरच्या डब्यात दुकानातून येतं, खाडा करायला गवळी नाही, मग चौकोन रिकामे राहतात. रिकामा रकाना बघवत नाही. सहकारी बँकेत एकतीस वर्षं कॅशियर होते, त्याचा परिणाम.

तर त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळी सासू-सुनांचे आणि व्हिसाचे प्रश्न बाजूला ठेवून फक्त हॉकीवर लिहिते. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी पुढच्या महिन्यात यावं.

ठाण्याहून एक वाचक विचारतात : माझा भाचा एडमंटनला असतो. २०२३ च्या दिवाळीत शुभेच्छा द्यायला फोन केला तर म्हणाला, "मामा, तीन-नऊ-एक झालंय, दिवाळी कसली!" मला वाटलं रक्ताचा रिपोर्ट आहे. हे आकडे काय असतात?

भाच्याला आजार होता, पण रक्ताचा नव्हे.

पहिला आकडा जिंकलेले सामने, दुसरा साठ मिनिटांत हरलेले, आणि तिसरा जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये हरलेले. जिंकलं की दोन गुण, जादा वेळेत हरलं की एक गुण हातावर ठेवतात, सरळ हरलं की भोपळा. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये, म्हणजे एनएचएलमध्ये, ३२ संघ आहेत. त्या मोसमात प्रत्येक जण ८२ सामने खेळला. त्यातले १६ संघ स्टॅन्ली कपच्या, म्हणजे अजिंक्यपदाच्या, बाद फेरीत जातात.

भाच्याने तुम्हाला ऐकवला तो आमच्या एडमंटनच्या संघाचा दिवाळीचा आकडा. त्याच्या तीनच दिवस आधी तो दोन-नऊ-एक होता. बारा सामन्यांत चोवीसपैकी पाच गुण. कालनिर्णयचं ते पान मी अजून ठेवलंय, त्यातून उतरवते.

११ ऑक्टोबर, मोसमातला पहिलाच सामना, व्हँकुव्हरला जाऊन ८–१ ने हरलो. एकट्या ब्रॉक बेझरने चार गोल केले. १४ ऑक्टोबर, सर्वपित्री अमावस्या, घरच्या बर्फावरचा पहिला सामना, समोर पुन्हा व्हँकुव्हर : ४–३ ने हरलो. (त्या दिवशी सूर्यग्रहणही होतं. आमच्या ह्यांनी ते लाल पेनाने लिहून ठेवलंय.) २१ तारखेला विनिपेगविरुद्ध कॉनर मॅकडेव्हिड दुखावला. जगातला सगळ्यात वेगवान खेळाडू आणि आमचा कर्णधार, तो दोन सामने बाहेर. २४ ऑक्टोबर, दसरा : मिनेसोटाने ७–४ असं सोनं लुटलं. २९ तारखेला उघड्या मैदानावर, पन्नास हजारांहून जास्त माणसांसमोर, शेजारच्या कॅलगरीला ५–२ ने हरवलं. तेव्हा वाटलं, सुटलो. सुटलो कुठले. पुढचे चारही सामने हरलो.

त्या चारांतला शेवटचा ९ नोव्हेंबरचा, वसुबारसेचा. समोर सॅन होजे. या सॅन होजेने मोसमातले पहिले अकराच्या अकरा सामने गमावले होते, लागोपाठ दोन सामन्यांत दहा-दहा गोल खाल्ले होते आणि तोवर फक्त एकच विजय मिळवला होता. त्यांनी आम्हाला ३–२ ने हरवलं. तुमच्या भाच्याची मनःस्थिती आता लक्षात आली असेल.

रेड डिअरहून एक वाचक : संघ हरला की आमच्याकडे नवरा जेवताना बोलत नाही. ८२ सामने आहेत ना? पहिले दहा-बारा हरले तर एवढं काय आभाळ कोसळतं?

तुमचंही बरोबर आणि त्याचंही.

आधी त्याची बाजू. ऑक्टोबरचे दोन गुण आणि एप्रिलचे दोन गुण सारखेच मोजतात. आवर्ती ठेवीचे पहिले हप्ते चुकवले की पुढे ते भरून काढावे लागतात, तसंच हे. त्यात हा एक गुण हातावर ठेवायचा नियम. वरचे दोन संघ एकमेकांशी खेळून जादा वेळेत गेले तर दोघांनाही काहीतरी मिळतं आणि खालच्याचं अंतर वाढतच राहतं. म्हणून इथले जुने लोक अमेरिकेच्या थँक्सगिव्हिंगला तक्ता बघतात. आमचं कॅनडाचं ऑक्टोबरात होऊन जातं. त्यांचं नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी. त्या दिवशी जे संघ बाद फेरीच्या जागांवर असतात, त्यांतले चारातले तीन तरी शेवटपर्यंत तिथेच राहतात. मोसमाचा पाव भागच झालेला असतो, पण चित्र बरंचसं ठरलेलं असतं.

२०२३ मध्ये तो गुरुवार २३ नोव्हेंबरला आला, त्या दिवशी कार्तिकी एकादशी होती. आमचा आकडा पाच-बारा-एक. प्रशिक्षक बदलूनही दहा दिवस झाले होते आणि फ्लोरिडा-कॅरोलायनाच्या दौऱ्यात पुन्हा मार खाल्ला होता. मी साबुदाणा भिजवता भिजवता ह्यांना म्हटलं, संपलं यंदाचं. दुसऱ्या दिवशी, २४ तारखेला, वॉशिंग्टनमध्ये ५–० ने जिंकलो. देव उठले म्हणायचे! तिथून लागोपाठ आठ जिंकले. मग तीन हरले. आणि मग २१ डिसेंबरपासून लागोपाठ सोळा. पिट्सबर्गचा १९९३ चा सतरा विजयांचा विक्रम आहे, त्याला एक कमी. ६ फेब्रुवारीला व्हेगासने ३–१ ने साखळी तोडली.

त्या सोळांतला एक सामना मी मरेपर्यंत विसरणार नाही. १३ जानेवारी, संक्रांतीच्या आदला शनिवार. बाहेर उणे चाळीसच्या आसपास थंडी. सामना मॉन्ट्रियलला. मी तिळाचा पाक उतरवत होते आणि घरातले सगळे मोबाईल एकदम भोंग्यासारखे ओरडायला लागले. सरकारचा इशारा : प्रांतात वीज कमी पडतेय, अनावश्यक उपकरणं ताबडतोब बंद करा. आम्ही दिवे घालवले, ओव्हन घालवला, गॅरेजमधलं गाडीचं हीटर काढलं. टीव्हीवर मतभेद झाले. मुलाने आवाज अगदी बारीक केला, जणू त्याने वीज वाचते. अंधारात, लाडू वळता वळता, जादा वेळेत इव्हान बुशारचा गोल पाहिला. २–१.

आता तुमची बाजू : नवऱ्याने जेवताना बोललंच पाहिजे. आमचे हे हरलेल्या सामन्यानंतर पानावर बसायचेच नाहीत. मी एकदाच सांगितलं, भाकरी गार झाली की मी परत भाजणार नाही. त्यानंतर बसतात. बोलत नाहीत, पण बसतात.

पुण्याहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी : काकू, मी मोबाईलवर हॉकीचे तुकडे बघतो. त्या वर्षी एडमंटनच्या जॅक कॅम्पबेल या गोलकीपरला ८७ टक्के शॉट अडवूनसुद्धा संघातून काढलं. आमच्याकडे ८७ टक्क्यांना पेढे वाटतात! हा अन्याय नाही का?

तुझा प्रश्न मला सगळ्यात आवडला, म्हणून इथे जरा बसते.

इथे गोलकीपरला गोली म्हणतात. त्याचा धंदा बँकेच्या कॅश काउंटरसारखा आहे. मी दिवसाला हजार नोटा मोजायचे आणि त्यांतल्या ९९५ बरोबर मोजल्या तर कोणी पेढे वाटत नसे, पाच नोटा पगारातून कापत. टक्केवारी कशाची आहे ते आधी बघायचं.

हिशोब मांड. एका सामन्यात समोरचा संघ साधारण तीस शॉट मारतो. चांगला गोली त्यांतले नव्वद-एक्याण्णव टक्के अडवतो, म्हणजे पावणेतीन-तीन गोल खातो. कॅम्पबेलचा आकडा होता ०.८७३. म्हणजे तीसात जवळजवळ पावणेचार. फरक एका गोलाचा. तुला वाटेल, एकाच गोलाचा ना? पण हॉकीत बहुतेक सामने एक-दोन गोलांनीच ठरतात. सॅन होजेचा ३–२, घरचा पहिला ४–३, विनिपेगचा ३–२, डॅलसचा ४–३. आमच्या दहा हारींपैकी चार तर एकाच गोलाच्या होत्या. बारा सामन्यांत संघाने मिळून ५० गोल खाल्ले. मी बेरीज दोनदा केली आहे.

कॅम्पबेलशी २०२२ मध्ये पाच वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार झाला होता. नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात त्याला बेकर्सफील्डला, खालच्या लीगमधल्या संघात पाठवलं. इथे लीगने संघाच्या एकूण पगारावर कमाल मर्यादा घालून दिलेली असते, त्या वर्षी ती ८ कोटी ३५ लाख डॉलर होती. गोली खाली पाठवला म्हणून त्याचा सगळा पगार त्या मर्यादेतून सुटत नाही. वर्षाच्या पन्नास लाखांपैकी जेमतेम साडेअकरा लाख सुटतात. उरलेले वहीत तसेच बसतात. पुढच्या उन्हाळ्यात पैसे देऊन करार मोडला, तर त्याचे हप्ते सहा वर्षांवर गेले. आमच्या भाषेत याला बुडीत कर्ज म्हणतात आणि ते मंजूर करणाऱ्याची सही कोणाची, हे आधी बघतात.

पण अन्याय झाला का? थोडा झाला. कसा, ते सांगायला तुला माझी एक जुनी गोष्ट ऐकावी लागेल.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या काउंटरला रोज पन्नास रुपये कमी यायला लागले. सोमवारी पन्नास, मंगळवारी पन्नास, बुधवारी शंभर. साहेबांनी मला काउंटरवरून उचलून आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. चार लोकांसमोर. माझ्या जागी दुसरा मुलगा आला. त्यालाही पन्नास कमी! मग एका संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर आम्ही दोघांनी दिवसभराची बंडलं सोडून एकेक नोट टेबलावर पसरली. एका खातेदाराच्या भरण्यात पन्नासच्या प्रत्येक बंडलात मधली एक नोट बरोबर अर्ध्यात दुमडलेली. कडेने बोट फिरवून मोजलं की ती दोनदा मोजली जाते. शंभराचं बंडल म्हणून घेतलेलं असायचं नव्व्याण्णवचं.

मोजणाऱ्याची चूक नव्हतीच असं मी म्हणणार नाही. कॅशियरने दुमडलेली नोट ओळखायला हवी. पण फक्त कॅशियर बदलून तूट भरत नाही, बंडल सोडून बघावं लागतं.

एडमंटनचं बंडल म्हणजे त्यांचा बचाव. त्या वर्षीच्या सराव शिबिरात स्वतःच्या गोलासमोर बचाव करायची पद्धत बदलली होती. आधी माणसाला माणूस धरायचे, आता प्रत्येकाने आपापला टापू राखायचा. कागदावर छान. पण सवय मोडताना पाय अर्धा क्षण उशिरा हलतात, आणि बर्फावर अर्धा क्षण म्हणजे समोरचा गोलापाशी एकटा उभा. संधी मोजणारे लोक तेव्हाही सांगत होते की एडमंटनला मिळणाऱ्या संधी समोरच्यांपेक्षा कमी नाहीत. पण आमच्या संधी वाया जायच्या आणि समोरच्याच्या आत जायच्या. त्यातला काही भाग नुसत्या नशिबाचा होता. बारा सामन्यांत नशीब फार मोठं दिसतं.

कॅम्पबेल गेल्यावर स्टुअर्ट स्किनर उभा राहिला, एडमंटनचाच पोरगा. तोही सॅन होजेत हरला. गोली बदलला, तूट तशीच. आणि नंतर लागोपाठ सोळा जिंकले, तेव्हा बहुतेक सामन्यांत गोलात हाच स्किनर होता. हातमोजे तेच, माणूस तोच. मला त्या जानेवारीत राहून राहून आमच्या शाखेतलं ते टेबल आठवत होतं.

कोल्हापूरहून एक वाचक : आमच्या तालमीत पैलवान हरला तर वस्ताद पैलवानाला चार जोर जास्त मारायला लावतो. पैलवान हरला म्हणून वस्तादाला घरी बसवल्याचं ऐकलं नाही. तुमच्याकडे खेळाडू हरतात आणि प्रशिक्षकाला काढतात. ही कुठली रीत?

रीत पैशाची आहे, दादा. वीस खेळाडू मोसमाच्या मध्यात बदलता येत नाहीत. करार पक्के असतात, ती पगारमर्यादा डोक्यावर असते, आणि तुमचा संघ बुडतोय हे दिसल्यावर समोरचे संघ सौद्यात जास्तच मागतात. प्रशिक्षकाचा पगार मर्यादेत धरत नाहीत. म्हणून सगळ्यात सोपा तोच बदलायला.

जे वुडक्रॉफ्ट हा प्रशिक्षक वाईट नव्हता. २०२२ च्या फेब्रुवारीत मधूनच आला आणि त्याच वर्षी संघाला पश्चिम विभागाच्या अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला. त्याला काढलं ते १२ नोव्हेंबरला. आदल्या रात्री सिअ‍ॅटलमध्ये ४–१ ने जिंकून आला होता, हे विशेष. आमच्याकडे त्या दिवशी पहिली अंघोळ आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी आलं होतं. मी फराळाचं ताट लावत होते, मुलगा मोबाईल बघून म्हणाला, "आई, वुडक्रॉफ्ट गेला." मला आधी वाटलं माणूसच गेला. मी हात जोडले.

त्याच्याबरोबर बचावाचा प्रशिक्षक डेव्ह मॅन्सनलाही काढलं आणि पॉल कॉफीला बेंचमागे उभं केलं. ऐंशीच्या दशकात एडमंटनने कप जिंकले, त्या संघातला हा बचावपटू. म्हणजे बंडल सोडून बघायचं कोणाच्या तरी डोक्यात आलं होतं. मुख्य प्रशिक्षक म्हणून ख्रिस नॉब्लॉक आला. मॅकडेव्हिड शाळकरी वयाचा असताना ईरीच्या संघात हाच त्याचा प्रशिक्षक होता, त्यामुळे शहरात कुजबुज झाली की कर्णधाराने आपला माणूस आणला. मला त्या कुजबुजीत रस नाही. मला आकडे कळतात : वुडक्रॉफ्टचे तीन-नऊ-एक, नॉब्लॉकचे सेहेचाळीस-अठरा-पाच. मिळून १०४ गुण.

वस्ताद बदलून नशीब उघडल्याचे दाखले इथे बरेच आहेत. लॉस एंजेलिसने २०११ च्या डिसेंबरात बदलला, २०१२ चा कप जिंकला. पिट्सबर्गने तर दोनदा केलं, २००९ ला आणि २०१६ ला. पण म्हणून औषध समजू नका. ज्या सॅन होजेने आम्हाला वसुबारसेला रडवलं, त्यांनी प्रशिक्षक पूर्ण मोसम ठेवला, १९ सामने जिंकले, ४७ गुणांवर सगळ्यांत तळाला राहिले आणि एप्रिलमध्ये त्याला काढलं. तो संघ मुळातच कच्चा होता, तिथे हनुमंत येऊन उभा राहिला असता तरी फार फरक पडला नसता. तळाला राहिल्याबद्दल सोडतीत त्यांची संधी सगळ्यांत जास्त होती, त्यातून त्यांना नव्या पोरांत पहिली निवड मिळाली आणि मॅक्लिन सेलेब्रिनी हाती लागला. हरण्याचाही इथे असा एक मोबदला आहे. मला तो प्रकार अजून पचलेला नाही.

सेंट लुईसहून एक वाचक : काकू, तुम्ही सारखं एडमंटन-एडमंटन करता. तळातून वर यायचं आम्ही शिकवलं!

मान्य. २०१८ च्या नोव्हेंबरात तुम्ही प्रशिक्षक माइक यो यांना काढलं, क्रेग बेरुबे यांना तात्पुरतं बसवलं. डिसेंबरात तुमचेच दोन खेळाडू सरावात एकमेकांना गुद्दे मारत होते. ३ जानेवारी २०१९ ला संपूर्ण लीगमध्ये तुम्ही शेवटचे. मग जॉर्डन बिनिंग्टन नावाचा गोली, ज्याची कोणालाच खबर नव्हती, पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला आणि फिलाडेल्फियाला एकही गोल करू दिला नाही. १२ जूनला बॉस्टनमध्ये, सातव्या सामन्यात, १९६७ पासून ताटकळलेल्या तुमच्या संघाने पहिला कप उचलला. आमच्यापेक्षा तुम्ही दोन पावलं पुढे आहात : तुम्ही खड्ड्यात जास्त खोल होतात आणि तुम्हाला कप मिळाला.

आमचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे, म्हणूनच डिवचलंत. २०२४ च्या अंतिम फेरीत फ्लोरिडाविरुद्ध आम्ही ०–३ ने मागे. चौथा सामना ८–१ ने जिंकला. मोसम ज्या आकड्याने सुरू झाला होता तोच आकडा, उलट बाजूने. मग पाचवा. सहावा २१ जूनला घरच्या बर्फावर, वटपौर्णिमेला, ५–१. यमाच्या दारातून सत्यवान ओढून आणल्यासारखं शहर नाचत होतं. इथे वड नसतो, मी कुंडीतल्या फांदीला सूत गुंडाळलं होतं. त्या संध्याकाळी सुनेने त्यावर संघाच्या रंगाची नारिंगी रिबीनही बांधली. २४ जूनला सातवा सामना २–१ ने हरलो. मॅकडेव्हिडला हरलेल्या संघात असून बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. तो बक्षीस घ्यायला बर्फावर आलाच नाही. त्या दिवशीच्या चौकोनात मी काही लिहिलेलं नाही.

नागपूरहून एक वाचक : पंजाबीत हॉकीचं समालोचन होतं म्हणे कॅनडात. मराठीत का नाही?

होतं, २००८ पासून. हरनारायण सिंग हे त्यातलं मोठं नाव, आमच्याच अल्बर्टातल्या ब्रुक्सचे. जोरदार मारलेल्या फटक्याला तिथे ‘चपेड शॉट’ म्हणतात. मराठीत ‘चपराक’ तयारच आहे, समालोचकच काय तो शोधायचा. मला वेळ नाही, सातची भाकरी असते.

ब्रॅम्प्टनहून एक आई : काकू, माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. या वर्षी पहिल्यांदा हॉकी खेळतोय. त्याचा संघ पहिले पाचही सामने हरला. तो बर्फावर सारखा पडतो, गाडीत रडतो, म्हणतो माझ्यामुळे हरतो. पहाटे पाचला उठवून याला रडवायला नेतेय का मी?

आधी एक कामाची गोष्ट. लहान मुलांच्या हॉकीत बऱ्याच ठिकाणी पहिले काही सामने संघ कुठल्या गटात बसतो हे ठरवायलाच असतात. मोठ्या माशांसमोर टाकतात, मग निकाल बघून सारख्याला सारखं जोडतात. तुमच्याकडे तसं आहे का ते प्रशिक्षकांना विचारा आणि मुलालाही सांगा. पाच सामने हरणं हे मुलांना वाटतं तसं प्रगतिपुस्तक नसतं.

‘माझ्यामुळे’ हे मात्र मोडून काढा. बर्फावर एका वेळी प्रत्येक बाजूचे सहा असतात, मिनिटाच्या आत पाळी बदलते. त्याला विचारा, गोल झाला तेव्हा तू बर्फावर होतास की बाकावर? मी नातवाला हेच विचारायचे. पाचातल्या तीन गोलांना साहेब बाकावर बसून पाणी पीत होते. त्याला स्वतःलाच हसू आलं.

आणि तो सारखा पडतो म्हणता, तर त्याचे स्केट नवे आहेत का? दुकानातून आणल्यावर धार लावून घेतलीत का? आम्ही नाही लावली. तीन सामने आमचा पोरगा तुपावर उभा असल्यासारखा घसरत होता आणि आम्ही काचेमागून "वाक, गुडघे वाकव" म्हणून ओरडत होतो. दुकानदाराला वाटलं आम्हाला माहीत असेल. आम्हाला वाटलं, नवं पातं म्हणजे धार असणारच. चौथ्या सामन्याच्या आधी दुसऱ्या एका मुलाच्या आजोबांनी स्केट हातात घेऊन पात्यावरून नख फिरवलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला आमचे साहेब आठवले. रिंकच्या कोपऱ्यातच धारेचं मशीन असतं, दहा मिनिटांचं काम. आज संध्याकाळीच करून आणा.